बेळगाव-खानापूर भागातून सर्पिल गॅलेक्सी कशी शोधायची आणि बघताना नेमकं काय ओळखायचं

गॅलेक्सी बघायची म्हणजे डोंगरावरची मोठी वेधशाळाच पाहिजे असं बऱ्याच जणांना वाटतं आणि त्यामुळं त्या वाटेला कोण जातच नाही. पण आपल्या खानापूर, जांबोटी, चंदगड पट्ट्यात अजून जेवढा अंधार शिल्लक आहे तेवढ्यात एक सर्पिल गॅलेक्सी, म्हणजे वळलेले हात असलेली ताऱ्यांची प्रचंड मोठी चपटी तबकडी, नुसत्या डोळ्यांनी दिसते, तीन-चार साध्या बायनॉक्युलरनी सापडतात आणि कुणाकडं ८ ते १० इंची दुर्बीण असेल तर एकीचे वळलेले हातसुद्धा कळतात. आणि आपण साधारण १६ अंश अक्षांशावर आहोत, त्यामुळं उत्तरेच्याही गॅलेक्सी वर येतात आणि दक्षिणेच्याही. युरोपातल्या माणसाला हे भाग्य नाही, खरंच सांगतो.

आधी जागा. सगळे सांगतात अंधारात जा, ते बरोबरच आहे पण तेवढ्यानं काम होत नाही, कुठल्या दिशेला अंधार पाहिजे ते आधी ठरवावं लागतं. देवयानीतली एम ३१ आणि सप्तर्षीजवळची एम ५१ या दोन्ही आपल्याकडून उत्तरेला तोंड करून बघायच्या, आणि एनजीसी २५३, एम ८३ या दक्षिणेला (एम आणि एनजीसी या आकाशातल्या अंधूक वस्तूंच्या याद्या, पुढचा आकडा म्हणजे यादीतला नंबर). आता येळ्ळूरचा राजहंसगड बघा, गाडी वरपर्यंत जाते, जवळ आहे, म्हणून आकाश बघायचं म्हटलं की सगळे तिकडंच निघतात. पण तिथून बेळगाव शहर उत्तरेलाच पडतं, म्हणजे जिथं देवयानी शोधायची तिथंच सगळ्या शहराचा उजेड. दक्षिणेकडच्या गॅलेक्सीसाठी मात्र त्याच गडाच्या पायथ्याची शेतवडी चांगली, कारण खानापूरपर्यंत मोठं गाव नाही. उचगाव, कुद्रेमनीच्या बाजूला गेलात की शहर पूर्वेला राहतं आणि उत्तर बऱ्यापैकी मोकळी मिळते. जांबोटीहून शहराचा उजेड ईशान्येला दिसतो, पण पुढं कणकुंबीकडं सरकत गेलात की तो क्षितिजावर बसतो आणि दक्षिणेला भीमगडचं जंगल, तिकडं तर नुसता काळोख. दक्षिणेचं आकाश बघायला आपल्या जिल्ह्यात मला यापेक्षा चांगली बाजू माहीत नाही. फक्त पश्चिमेला खाली गोव्याचा उजेड असतो, तेवढं लक्षात ठेवा.

निपाणीकरांची अडचण वेगळी, त्यांना उत्तरेला कागलची एमआयडीसी आणि त्यामागं कोल्हापूर. त्यांनी आजऱ्याच्या अंगाला जावं. चिकोडी, रायबाग, संकेश्वर भागात माळ मोकळे आहेत, आकाश मोठं दिसतं, पण गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांचे दिवे आणि उसाचा पाला पेटवलेला धूर, आणि हंगाम बरोबर देवयानीच्याच महिन्यांत येतो. तिकडच्या लोकांनी वाऱ्याची दिशा बघून धूर मागं राहील अशी जागा घ्यावी.

एक गोष्ट गांभीर्यानं सांगतो, जंगलात शिरू नका. खानापूर-चंदगड पट्ट्यात गवे आहेत, अस्वलं आहेत, हत्तीही फिरतात, आणि आपण तर मुद्दाम बॅटरी बंद करून उभे असतो. अभयारण्याच्या हद्दीत रात्री जायचंच नाही. गावालगतचं शेत, देवळासमोरचं पटांगण, कुणा ओळखीच्याच्या घराचा स्लॅब हे उत्तम. मालकाला आधी विचारा आणि गावात दोन माणसांना सांगून ठेवा, कारण सीमेच्या रस्त्याला रात्री गाडी लावून अंधारात चार माणसं उभी दिसली की लोक चौकशी करणारच आणि त्यांचं बरोबरच आहे. उलट त्यांनाही बोलवा, एकदा दुर्बिणीतून बघितलं की तीच माणसं पुढच्या वेळी वाटेवरचा दिवा स्वतःहून बंद करतात.

आता वेळ. चंद्र नको, म्हणून अमावस्येच्या आसपासचे दिवस. घरातली मोठी माणसं अमावस्येला रात्री बाहेर पडू नको म्हणतात, तर वाद कशाला घालायचा, अमावस्येच्या आधीचे तीन-चार दिवस घ्या, चंद्र पहाटेच उगवतो, आख्खी संध्याकाळ आपली. दिवाळीची अमावस्या तारखेनं छान बसते पण फटाक्यांच्या धुरात काही दिसत नाही, त्यापेक्षा त्याच्या पुढची कार्तिक अमावस्या किंवा मार्गशीर्षातली धरा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं आकाशाचा विषयच नाही, ऑक्टोबरमध्येही परतीचा पाऊस असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं, फक्त पहाटेकडं धुकं उतरतं आणि लेन्सवर दव बसतं, त्यासाठी सुती कापड पाहिजे आणि घासायचं नाही, नुसतं टिपायचं. एप्रिल-मे मध्ये धुरकट असतं, पण वळीव पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी आकाश उघडलं तर ती रात्र सोडू नका, पावसानं हवेतली धूळ खाली बसलेली असते आणि अंधूक गोष्टी एकदम उठून दिसतात.

सामान फार लागत नाही. १० बाय ५० ची बायनॉक्युलर पुरे, म्हणजे १० पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ५० मिमीची. दुकानात शंभर पट झूम वगैरे लिहिलेल्या येतात त्या घेऊ नका, गॅलेक्सीला झूम नको, उजेड गोळा करणारी मोठी काच पाहिजे. बॅटरीवर गणपतीच्या डेकोरेशनचा लाल जिलेटिन पेपर दोन-तीन घड्या करून रबर लावून बसवा. मोबाईलवर स्टेलेरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप टाकून त्याचा नाईट मोड चालू करा, पण तिथं पोचल्यावर शक्यतो मोबाईल खिशातच ठेवा. अंधारात डोळे पूर्ण तयार व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एकदा पांढरा स्क्रीन बघितला की परत पहिल्यापासून. सोबत येणाऱ्यांना हे आधीच सांगा, कारण सगळे तयार होतात आणि मग कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप उघडतं.

अजून एक ट्रिक जी शिकल्याशिवाय काहीच जमत नाही, अंधूक वस्तूकडं सरळ बघायचं नाही, तिच्या थोडं बाजूला बघायचं आणि लक्ष मात्र तिच्यावर ठेवायचं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध रंग ओळखणाऱ्या पेशी दाट असतात, त्या कमी उजेडात निकामी, आणि अंधारात काम करणाऱ्या पेशी कडेकडेनं जास्त असतात. म्हणून सरळ बघितलं की गॅलेक्सी गायब होते आणि नजर जरा सरकवली की परत येते. रंग न दिसण्याचं कारणही हेच, फोटोत दिसणारे निळे-गुलाबी रंग डोळ्याला दिसणार नाहीत, राखाडी उजेड दिसेल. हे पोरांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांचा हिरमोड होत नाही आणि जे दिसतं ते ती नीट बघतात.

चला, देवयानी शोधूया. नोव्हेंबरच्या मध्यात रात्री पावणेदहा-दहाला, डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेनऊच्या सुमाराला ती सगळ्यात उंच असते, क्षितिजापासून जवळजवळ ६५ अंश. उत्तरेला तोंड करून उभे रहा. समोर पाच ताऱ्यांची शर्मिष्ठा दिसेल, इंग्रजी एम अक्षरासारखी, क्षितिजापासून अर्ध्या वाटेवर. त्या एमला दोन शिखरं असतात, त्यातलं डावीकडचं जास्त टोकदार, ते टोक वर जिकडं दाखवतंय तिकडं जायचं. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, तशा दीड मूठ वर गेलात की तुम्ही देवयानी गॅलेक्सीवर आहात.

दुसरी वाट वरून खाली. डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन असतो, पूर्वा भाद्रपदाचे दोन आणि उत्तरा भाद्रपदाचे दोन तारे मिळून. उत्तरा भाद्रपदातला जो उत्तरेकडचा तारा आहे तिथून ईशान्येकडं देवयानीच्या ताऱ्यांची रांग निघते. त्या रांगेतला एक अंधूक तारा सोडून पुढचा ठळक, तांबूस तारा पकडा, त्याचं नाव मिराक. मिराकपासून शर्मिष्ठेच्या दिशेनं काटकोनात वळलं की एक मध्यम तारा, मग एक अजून अंधूक तारा, आणि त्या दुसऱ्याच्या अगदी शेजारी गॅलेक्सी. बऱ्याच पुस्तकांत आणि व्हिडिओत "मिराकच्या वर जा" असं असतं, ते पूर्वेला उगवत असताना बघणाऱ्यासाठी. आपल्याकडं ती उंच आलेली असताना उत्तरेला तोंड करून बघितलं तर मिराक वर असतो आणि गॅलेक्सी त्याच्या खाली, शर्मिष्ठेकडं. कितीतरी जण याच एका गोष्टीमुळं चुकीच्या बाजूला शोधत बसतात, म्हणून "वर-खाली" सोडून द्या आणि "शर्मिष्ठेच्या बाजूला" एवढंच ध्यानात ठेवा.

नुसत्या डोळ्यांनी तिथं लांबट, कडा नसलेला फिकट डाग दिसतो. बायनॉक्युलर लावली की मध्ये उजळ गाभा आणि दोन्ही बाजूला पसरत विरत गेलेला उजेड. घाई करू नका, पाच-दहा मिनिटं द्या, तो उजेड हळूहळू लांबत जातो. फोटोत तिची लांबी ३ अंशांच्या आसपास भरते, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीनं ठेवले तर जेवढे होतील तेवढी. लोक दुर्बीण जास्तीत जास्त पॉवरवर लावतात आणि मग म्हणतात नुसता धूसर गोळाच दिसला, कारण त्यांनी फक्त गाभाच बघितलेला असतो. एम ३१ साठी सगळ्यात कमी पॉवरची आयपीस, म्हणजे डोळा लावायची काच.

आता काय ओळखायचं ते. तो उजळ गाभा म्हणजे मध्यभागाचा फुगवटा, तिथं म्हाताऱ्या पिवळसर ताऱ्यांची गर्दी. बाजूचा पसरलेला उजेड म्हणजे चपटी तबकडी, सर्पिल हात त्या तबकडीत असतात. मग हात का दिसत नाहीत? कारण ती तबकडी आपल्याकडं जवळजवळ कडेनं वळलेली आहे, साधारण ७७ अंशांनी कललेली, म्हणून हात एकमेकांवर चढून दिसतात. पण ८ इंची दुर्बीण आणि कणकुंबीसारखा अंधार असेल तर गाभ्याच्या एका बाजूला उजेड जसा सावकाश विरायला पाहिजे तसा न विरता एकदम कापल्यासारखा थांबतो, ती धुळीची काळी पट्टी, आणि हीच त्या हातांची पहिली खूण. गाभ्याच्या अगदी जवळ एक ताऱ्यासारखा पण जरा फुगलेला ठिपका असतो ती एम ३२, आणि दुसऱ्या बाजूला थोडी लांब, मोठी पण अंधूक एम ११०. या दोन्ही देवयानीभोवतीच्या छोट्या गॅलेक्सी.

तो उजेड निघाला तेव्हापासून आपल्यापर्यंत पोचायला सुमारे २५ लाख वर्षं लागली. पर्शियाचा खगोलवेत्ता अल-सूफी यानं ९६४ साली याच डागाची "छोटा ढग" म्हणून नोंद केली, म्हणजे हजार वर्षांपूर्वी माणसानं नुसत्या डोळ्यांनी बघून लिहून ठेवलेली वस्तू आपण बघत असतो. आणि अगदी शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत हा ढग आपल्याच आकाशगंगेत आहे की बाहेर यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांत वाद होता, १९२० साली शॅपली आणि कर्टिस यांची त्यावर जाहीर चर्चा झाली. उत्तर मिळालं ते ऑक्टोबर १९२३ मध्ये, अमेरिकेच्या एडविन हबलनं तिथल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत एक सेफीड जातीचा तारा सापडला, ठरलेल्या वेळात कमी-जास्त होणारा. अशा ताऱ्याचा कालावधी मोजला की त्याचं खरं तेज कळतं हे हेन्रिएटा लेविट या बाईंनी १९१२ मध्येच दाखवून दिलं होतं, त्यावरून अंतर निघालं आणि ते आकाशगंगेच्या पार बाहेरचं निघालं. हबलचा आकडा ९ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास होता, आज आपण २५ लाख म्हणतो, पण मुद्दा तेव्हाच सुटला होता. पुढं १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी याच देवयानीचं फिरणं मोजलं. कडेचे तारे आतल्यांपेक्षा बरेच हळू फिरायला पाहिजेत अशी अपेक्षा असते, पण कडेचेही जवळपास तेवढ्याच वेगानं निघाले. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनात हे बसत नाही, म्हणून न दिसणाऱ्या पदार्थाचा, डार्क मॅटरचा, विचार पुढच्या काळात पक्का होत गेला. बायनॉक्युलर डोळ्याला लावून हे सगळं शेजारच्याला सांगा, तो डाग मग डाग रहात नाही.

ती आपल्याकडं येतीय हेही लोक विचारतात. हो, येतीय. आधी धडक नक्की मानत होते, २०२५ मध्ये आलेल्या नवीन हिशोबात येत्या १००० कोटी वर्षांत धडक होण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरलीय.

देवयानी बघून झाली की तिथंच उभ्या उभ्या मागं वळा, दक्षिणेला. त्याच वेळी तिकडं एनजीसी २५३ सगळ्यात उंच आलेली असते, ४९ अंशांवर. तिमिंगल राशीतला डिफ्डा नावाचा ठळक तारा त्या भागात एकटाच असल्यासारखा दिसतो, त्याच्या खाली साडेसात अंश, म्हणजे पाऊण मूठ. बायनॉक्युलरमध्ये लांबट, सुईसारखी रेघ. कॅरोलिन हर्शेलनी १७८३ मध्ये शोधलेली, अंतर १ कोटी १० लाख प्रकाशवर्षांच्या आसपास, आणि मधल्या भागात नवीन तारे झपाट्यानं जन्माला येतायत. एकाच जागी नुसतं मागं-पुढं वळून दोन सर्पिल गॅलेक्सी एवढ्या उंचावर बघायला मिळणं ही आपल्या अक्षांशाची देणगी.

एम ३३ बद्दल थोडक्यात. मिराकपासून देवयानी जेवढी एका बाजूला तेवढीच ही दुसऱ्या बाजूला, त्रिकोण राशीत. तिची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (जेवढा कमी तेवढी वस्तू ठळक), ५.७ लिहिलेली असते आणि लोकांना वाटतं सोपी आहे, पण तो सगळा उजेड मोठ्या जागेत पसरलेला असल्यामुळं दुर्बिणीत आख्खी हरवते. बायनॉक्युलरनंच बघा, आणि आकाश खरंच किती चांगलं आहे हे तपासायला हिचा उपयोग करा. दिसली तर त्या रात्री लवकर घरी जाऊ नका.

आता माझी सगळ्यात आवडती, एम ५१. ही खऱ्या अर्थानं दूरची, सुमारे २ कोटी ८० लाख प्रकाशवर्षं, आणि हिची तबकडी आपल्याकडं जवळजवळ सरळ तोंड करून आहे, म्हणून सर्पिल आकार बघायचा तर हिच्यातच. मे महिन्याच्या मध्यात साडेदहाला ती उत्तरेला सगळ्यात वर असते, पण तेव्हा वळवाचे ढग, म्हणून मी म्हणेन मार्चमध्ये मध्यरात्रीनंतर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला बाराच्या पुढं जागं रहा. सप्तर्षीतला शेपटीच्या टोकाचा तारा मरीची, वसिष्ठ-अरुंधतीच्या पुढचा. मरीचीपासून साडेतीन अंशांवर एम ५१, त्यामुळं मरीची बायनॉक्युलरच्या कडेला ठेवली की ती त्याच फिल्डमध्ये येते. उत्तरेला तोंड करून, सप्तर्षी उंच आले असताना, मरीचीच्या डावीकडं एक अंधूक तारा आणि त्याच्या वर गॅलेक्सी, तिघांचा छोटा त्रिकोण होतो. बायनॉक्युलरमध्ये फक्त एक धूसर ठिपका, तेवढाच, पण तो सापडला म्हणजे दुर्बीण कुठं लावायची ते कळलं.

६ इंची दुर्बिणीत दोन गाभे दिसतात, एक मोठा आणि शेजारी एक लहान. लहान ती एनजीसी ५१९५, तिची जोडीदार. ८ इंचीत अंधाऱ्या जागी मोठ्या गाभ्याभोवती उजेडाचं कडं आणि मध्ये काळसर फट जाणवते, १० इंचीत त्या कड्याला वळण आहे हे समजतं. पॉवर ८० ते १२० च्या मध्ये ठेवा. पहिल्या नजरेत काही दिसणार नाही. खुर्ची घ्या, बसून बघा, डोक्यावरून जर्किन ओढून बाजूचा उजेड अडवा, श्वास रोखून धरू नका, आणि जे क्षणभर चमकून जातं ते कागदावर काढा. चित्र काढायला चांगला हात लागत नाही, गोल काढायचा, तारे ठिपक्यांनी मांडायचे, उजेड जिथं जास्त तिथं बोटानं शिसपेन्सिल पसरवायची. चित्र काढताना डोळा जे बघतो ते नुसतं बघताना बघत नाही. शिवाय १९९४, २००५ आणि २०११ अशा तीन वेळा एम ५१ मध्ये सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचे स्फोट, दिसलेत, जुनं चित्र हाताशी असेल तर नवा ठिपका आला की तुम्हाला लगेच कळेल.

ज्याच्या यादीतलं हे एम, त्या फ्रेंच खगोलवेत्त्या मेसियेनं ही १७७३ मध्ये नोंदवली, पण तिचा आकार कुणाला माहीत नव्हता. १८४५ मध्ये आयर्लंडच्या लॉर्ड रॉसनं स्वतःच्या वाड्याच्या आवारात ७२ इंची आरशाची दुर्बीण उभी केली आणि तिच्यातून पहिल्यांदा ते वळणारे हात बघितले आणि चित्र काढलं. सर्पिल म्हणून ओळखलेली ही पहिली गॅलेक्सी.

हे हात आहेत तरी काय? गॅलेक्सीचा आतला भाग एक फेरी लवकर पुरी करतो, बाहेरच्याला जास्त वेळ लागतो, तर हात म्हणजे त्याच त्याच ताऱ्यांची कायमची रांग असती तर चार-सहा फेऱ्यांत ते गुंडाळून संपले असते. पण एवढ्या गॅलेक्सींमध्ये हात दिसतात. १९६४ मध्ये सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी यावर घनतेच्या लाटेची कल्पना मांडली. तवंदी घाटात लोड घेतलेला ट्रक चढाला लागला की मागं गाड्यांची दाटी होते, तुम्ही त्या दाटीत शिरता, हळू होता, पुढं निघून जाता, तुमच्या जागी दुसरी गाडी येते, दाटी मात्र तिथंच दिसते. तसे तारे आणि वायू हातात शिरतात आणि बाहेर पडतात, हात हा दाटीचा आकार. वायू दाबला गेला की नवीन तारे जन्मतात, त्यातले मोठे निळे तारे फार तेजस्वी पण थोडंच जगतात, हातातून बाहेर पडेपर्यंत संपलेले असतात, म्हणून निळा उजेड फक्त हातांतच. एम ५१ मध्ये तर त्या जोडीदार गॅलेक्सीच्या ओढीनं ही लाट अजून जोरात उठलीय, म्हणूनच तिचे हात इतके स्वच्छ.

त्याच रात्री दक्षिणेला एम ८३ सोडू नका. चित्रा तारा सगळ्यांना सापडतो, चित्रेच्या जवळजवळ सरळ खाली दोन मुठी. आपल्याकडं ती ४४ अंशांपर्यंत चढते, लॉर्ड रॉसच्या आयर्लंडमध्ये जेमतेम ७ अंश. अंतर दीड कोटी प्रकाशवर्षं, हिच्या मध्यातून ताऱ्यांचा दांडा गेलाय आणि त्याच्या टोकांपासून हात निघतात. आपल्या आकाशगंगेलाही असाच दांडा आहे, त्यामुळं आपलं घर बाहेरून कसं दिसेल याची थोडी कल्पना हिच्यावरून येते. जांबोटीच्या पुढं, भीमगडच्या जंगलावर बघायची ती हीच गॅलेक्सी.

फोटोचं म्हणाल तर देवयानी ५० मिमी लेन्सच्या साध्या कॅमेऱ्यात येते, ट्रायपॉड, आयएसओ १६०० ते ३२००, ६ ते ८ सेकंदांचे भरपूर फोटो आणि घरी येऊन डीप स्काय स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र. मोबाईलच्या प्रो मोडवरही डाग उमटतो. एम ५१ ला ट्रॅकिंगचा स्टँड लागतो, त्याच्या मागं सुरुवातीलाच लागू नका.

या सगळ्या तशा शेजारच्याच म्हणायच्या. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतले राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीच्या डेटात एक सर्पिल गॅलेक्सी शोधली, २०२५ मध्ये ती बातमी आली, नाव ठेवलं अलकनंदा. तिचा उजेड सुमारे १२०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला, विश्व तेव्हा फक्त दीडशे कोटी वर्षांचं, आणि एवढ्या लहान वयात इतकी घडी बसलेली, दोन स्पष्ट हात असलेली तबकडी तयार झाली होती. एवढ्या लवकर हे कसं झालं हा प्रश्न आता सगळ्यांपुढं आहे. आपल्या कुठल्याच दुर्बिणीत ती दिसणार नाही, पण गाभा, तबकडी, हात, कल हे सगळं ज्यानं एम ३१ आणि एम ५१ वर ओळखलंय त्याला अलकनंदाचा फोटो वाचता येतो.

कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, माणसं लांबून येतात, बरीचशी हिवाळ्यातच. कार्यक्रम संपल्यावर तासभर गावाबाहेरच्या माळावर देवयानी दाखवायचं कोणी मनावर घेतलं तर मराठी शाळेतल्या पोरांना हे आपल्या भाषेत, आपल्याच नक्षत्रांच्या नावांनी बघायला मिळेल. चित्रा, भाद्रपदा, अरुंधती ही नावं घरात ऐकलेली असतात, ती कुठं आहेत ते फक्त कुणी बोट करून दाखवलेलं नसतं.

आणि पावसाळ्यात काय करायचं? गॅलेक्सी झू नावाचा प्रकल्प २००७ पासून चालू आहे, कुणालाही फुकट भाग घेता येतो. दुर्बिणींनी काढलेला एक एक गॅलेक्सीचा फोटो समोर येतो आणि प्रश्न विचारतात, तबकडी आहे का, कडेनं दिसते का, मध्ये दांडा आहे का, हात किती, घट्ट गुंडाळलेत की सैल. तुमची उत्तरं खऱ्या संशोधनात जातात. पहिल्याच वर्षी हॅनी फान आर्केल या नेदरलँड्सच्या शाळामास्तरीण बाईंना एका सर्पिल गॅलेक्सीशेजारी विचित्र निळसर ढग दिसला, त्यांनी विचारलं हे काय आहे, आणि तो अगदी नवीन प्रकारचा निघाला, आज तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. वेबसाईट इंग्रजीत आहे पण प्रश्न चित्रांचे आहेत, आठवी-नववीच्या पोराला शेजारी बसवून एकदा समजावलं की ते स्वतः करतं. जून ते सप्टेंबर रोज रात्री जेवण झाल्यावर दहा-पंधरा गॅलेक्सी बघा, म्हणजे नोव्हेंबरमध्ये आकाश उघडेपर्यंत कल आणि हात ओळखायची नजर तयार झालेली असेल.